शुद्ध रक्ताचा हिशेब

भाचीच्या निमित्तानें या वर्षीं एका ज्ञातिमंडळाच्या वधूवर-मेळाव्यास जाण्याचा प्रसंग आला. मेळावा म्हटला म्हणजे जें असावयाचें तें सर्व तेथें होतें: मुलामुलींचा परिचय, त्यांच्या पगारांचे आंकडे, पत्रिकांचीं भेंडोळीं, आणि जेवणाआधीं एक व्याख्यान. व्याख्यानाचा विषय होता ‘आपल्या विवाहसंस्थेचा शास्त्रीय पाया’. व्याख्याते सुशिक्षित होते, वक्तृत्व चांगलें होतें, आणि त्यांनीं पाऊण तासांत तीन सिद्धांत श्रोत्यांच्या पदरांत टाकले. पहिला असा कीं, गोत्र म्हणजे ऋषींनीं हजारों वर्षांपूर्वीं ओळखलेलें ‘वाय’ गुणसूत्र होय. दुसरा असा कीं, जातींतल्या जातींत विवाह केल्यानें रक्त शुद्ध राहतें व शुद्ध रक्तांत गुण टिकतात. तिसरा असा कीं, परजातीशीं संबंध झाला म्हणजे दुधांत पाणी पडावें तसे ते गुण पातळ होत जातात. प्रत्येक सिद्धांताच्या शेवटीं ‘हें आतां आधुनिक जनुकशास्त्रानें सिद्ध केलें आहे’ असें पालुपद होतें, आणि प्रत्येक पालुपदाला टाळ्या पडत होत्या.

माझें भांडण आज श्रद्धेशीं नाहीं. श्रद्धेनें श्रद्धा म्हणून समोर यावें. तिच्याशीं वाद घालण्याचे मार्ग निराळे आहेत. परंतु येथें श्रद्धा एका साक्षीदाराचें नांव घेऊन आली होती, आणि तो साक्षीदार मात्र सभागृहांत हजर नव्हता. ज्या शास्त्राच्या नांवावर हे सिद्धांत खपविले गेले, तें लोकसमूहांच्या आनुवंशिकतेचें शास्त्र शंभर वर्षांहून जुनें आहे. त्याचें मूळ गणित शाळेंतल्या मुलाला समजण्यासारखें आहे. आणि त्याची साक्ष या तिन्ही सिद्धांतांच्या साफ विरुद्ध आहे. साक्षीदाराचें नांव घेतलेंच आहे, तर त्याला बोलावून त्याची जबानी घेतली पाहिजे.

आधीं दूधपाण्याची उपमा घेऊं, कारण बाकी सारी इमारत तिच्यावर उभी आहे. आईबापांचें रक्त अपत्यांत मिसळतें ही कल्पना इतकी स्वाभाविक आहे कीं डार्विनसारख्यालाही ती पुरती झुगारतां आली नाहीं. १८६७ सालीं फ्लीमिंग जेंकिन नांवाच्या एका इंजिनियरानें त्याच्यावर जो आक्षेप घेतला, तो नेमका याच ठिकाणीं बोट ठेवणारा होता. रक्त जर रंगासारखें मिसळत असेल, तर एखादा नवा चांगला गुण दोनचार पिढ्यांत पातळ होऊन नाहींसा होईल. मग निसर्ग निवड करील ती कशाची? आक्षेप बिनतोड होता. फक्त त्याचें गृहीत चुकीचें होतें. ब्रून येथील मठांत मटारच्या वेलांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलनें एकच वर्ष आधीं छापून ठेवलें होतें कीं अनुवंशाचे घटक मिसळत नाहींत. ते एका पिढींत दडून बसले तरी पुढच्या पिढींत जसेच्या तसे बाहेर येतात. त्याच्या निबंधाकडे १९०० सालापर्यंत कोणीं फारसें पाहिलें नाहीं, हा शास्त्राच्या इतिहासांतला एक दैवदुर्विलास. असो. दूध आणि पाणी ही उपमा मुळांतच चुकली आहे. गहूं आणि ज्वारी अशी उपमा हवी. दोन पोतीं एकत्र ओतलीं तर ढीग मिश्र होतो, पण त्यांतला एकही गव्हाचा दाणा अर्धा ज्वारीचा होत नाहीं. जें पातळ होऊंच शकत नाहीं, तें पातळ होईल म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या भीत आलों आहों.

मग या दाण्यांचें प्रमाण बदलतें कसें? हा प्रश्न १९०८ सालीं लंडनमधील एका वैद्यकीय सभेंत निघाला. आंखूड बोटांचा एक आनुवंशिक दोष असतो व तो प्रभावी असतो. म्हणजे आई किंवा बाप यांपैकीं एकाकडून त्याचें जनुक आलें तरी तो दिसतो. यूल या संख्याशास्त्रज्ञानें विचारलें, असें जर आहे तर कालांतरानें चारांतलीं तीन माणसें आंखूड बोटांचीं कां होऊं नयेत? पनेट या जीवशास्त्रज्ञानें हा पेंच केंब्रिजमधील आपल्या एका गणिती स्नेह्यापुढें ठेवला. हा स्नेही म्हणजे गॉडफ्रे हार्डी. पुढें पांच वर्षांनीं ज्याला मद्रासहून एका कारकुनाचें पत्र आलें व ज्यानें रामानुजन् जगापुढें आणला, तोच. आपलें गणित कोणत्याही व्यवहाराच्या उपयोगाचें नाहीं याचा ज्याला अभिमान, त्यानें लिहिलेलें हें पानभर उत्तर आज जगांतील प्रत्येक वैद्यकीय विद्यालयांत शिकवितात. त्याच वर्षीं स्टुटगार्टचा एक डॉक्टर, वाइनबर्ग, स्वतंत्रपणें त्याच निष्कर्षाला पोहोंचला होता, म्हणून दोघांचेंही नांव त्या नियमाला जोडलेलें आहे.

उत्तर असें. एका जनुकाचीं दोन रूपें आहेत असें समजा. एकाचें समूहांतील प्रमाण ‘प’ व दुसऱ्याचें ‘फ’ धरा. दोहोंची बेरीज एक. प्रत्येक अपत्याला आईकडून एक व बापाकडून एक दाणा मिळतो. तेव्हां प-प जोडीचीं, मिश्र जोडीचीं आणि फ-फ जोडीचीं अपत्यें ज्या प्रमाणांत होतील तें प्रमाण म्हणजे ‘प अधिक फ’ याचा वर्ग. शाळेंत आपण सर्वांनीं पाठ केलेला. आणि पुढच्या पिढींत मोजून पाहिलें तर प आणि फ होते तेवढेच भरतात. प्रभावी जनुक प्रभावी आहे म्हणून वाढत नाहीं, आणि अप्रभावी जनुक दडलेलें आहे म्हणून नष्ट होत नाहीं. बाहेरून कोणी ढवळलें नाहीं तर हिशेब आहे तसाच राहतो.

ढवळणारीं कारणें मोजकीं आहेत. जनुकाची नक्कल होतांना होणारी चूक, म्हणजे उत्परिवर्तन. बाहेरच्या समूहांतून होणारी येजा. कोणाचीं मुलें जास्त जगतात याची निसर्गानें केलेली निवड. आणि समूह लहान असला म्हणजे चालणारा यदृच्छेचा खेळ. लोकसमूहाची उत्क्रांति म्हणजे या कारणांनीं दाण्यांच्या प्रमाणांत पडत जाणारा फरक. तीत दुसरें कांहीं गूढ नाहीं. मॅंचेस्टरजवळ १८४८ च्या सुमारास ठिपक्यांच्या पतंगांत पहिला काळा पतंग नोंदला गेला. धुरानें झाडांचीं खोडें काळीं पडलीं, पांढुरके पतंग पक्ष्यांच्या नजरेस पडूं लागले, आणि शतकाच्या अखेरीस तेथें शंभरांतले सुमारें ९८ पतंग काळे होते. १९५६ च्या कायद्यानंतर धूर ओसरला तसे काळेही ओसरले. यांत एकाही पतंगानें आपला रंग बदलला नाहीं. बदललें तें प्रमाण.

या यादींत ‘आपल्यांतच लग्न करणें’ कोठें आहे, असें वाचक विचारतील. तें मीं मुद्दाम वेगळें ठेवलें आहे, कारण व्याख्यात्यांचा दुसरा सिद्धांत येथेंच कोसळतो. जोडीदार कोठून निवडावा या नियमानें दाण्यांचें प्रमाण बदलत नाहीं. फक्त कोणता दाणा कोणत्या दाण्याशेजारीं पडेल एवढेंच बदलतें. आपल्यांतच विवाह केल्यानें एकही चांगलें जनुक वाढत नाहीं. होतें तें इतकेंच कीं सारखे दाणे अधिक वेळां एकत्र येतात. आणि जे दोष एकेकटे असतांना झांकलेले असतात, ते दोन सारखे भेटल्यानें उघडे पडतात. रक्ताच्या शुद्धीचा शास्त्रीय अर्थ लावावयाचाच झाला तर तो हा.

शास्त्राच्या नांवानें रक्तशुद्धि सांगण्याची ही भाषा व्याख्यात्यांना नवी वाटत असेल. ती चांगली शिळी आहे. तिचें जुनें नांव सुप्रजननशास्त्र. अमेरिकेंतील इंडियाना राज्यानें १९०७ सालीं ‘नालायक’ ठरविलेल्या माणसांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. १९२७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें व्हर्जिनियांतील कॅरी बक या तरुणीच्या खटल्यांत तशाच कायद्यावर शिक्कामोर्तब केलें. आणि जुलै १९३३ मध्यें जर्मनींत जो कायदा झाला त्याखालीं सुमारें चार लाख माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. हा वारा आपल्याकडेही लागला होता, आणि तो केवळ सनातन्यांनाच लागला असें नव्हे. ना. सी. फडक्यांचें १९२७ सालचें ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हें इंग्रजी पुस्तक हिंदुस्थानांत सुप्रजननाची चळवळ व्हावी याच हेतूनें लिहिलेलें आहे. सुधारकही शास्त्राच्या नांवाला भुलतात; किंबहुना तेच आधीं भुलतात.

या साऱ्या खटाटोपाचा हिशेब हार्डीच्या नियमानें मांडून पाहावा. एखादा अप्रभावी आनुवंशिक रोग दहा हजारांत एकाला होतो असें धरूं. म्हणजे त्या जनुकाचें प्रमाण शंभरांत एक. वर्गाचा विस्तार केला तर दहा हजारांत १९८ माणसें अशीं निघतात कीं जीं स्वतः ठणठणीत आहेत, पण तें जनुक वाहत आहेत. रोग्याच्या अंगीं त्याचे दोन दाणे, आणि निरोगी दिसणाऱ्या वाहकांच्या अंगीं १९८. आतां सरकारनें सर्व रोग्यांना अपत्य होऊं द्यावयाचें नाहीं असें ठरविलें, तरी दोनशेंपैकीं दोन दाणे काढले जातात. प्रमाण निम्म्यावर यावयास शंभर पिढ्या लागतात. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर अडीच हजार वर्षें. बुद्धाच्या काळीं हा उद्योग सुरू केला असता, तर आज कोठें प्रमाण अर्धें झालें असतें! हें गणित १९१७ सालींच मांडून झालें होतें. मांडणारा होता तोच पनेट. चार लाख माणसें कापली गेलीं तीं गणित ठाऊक नव्हतें म्हणून नव्हे, तें ऐकावयाचें नव्हतें म्हणून.

त्याच जर्मनींत, या कायद्याच्या थोडें आधीं, एक महाराष्ट्रीय विदुषी शिकत होती. इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखालीं काम करीत होत्या. वंशांच्या उच्चनीचतेवर फिशरचा विश्वास होता व पुढें त्याच्या संस्थेनें नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणाला शास्त्राचा मुलामा दिला. मनुष्याच्या कवटीची उजवीडावी बाजू सारखी नसते. ही विषमता वंशावर अवलंबून आहे काय, हें पाहण्याचें काम बाईंकडे आलें. त्यांनीं मापें घेतलीं, तसा वंशभेद आढळत नाहीं असें लिहिलें, आणि १९३० सालीं पदवी घेऊन परत आल्या. गुरूला काय आवडेल याचा विचार न करतां माप जें सांगतें तें लिहिणें, याला मी शास्त्र म्हणतों. आणि १९३६ सालीं, जनुकांचा कोणताही पुरावा हातीं नसतांना, डॉ. आंबेडकरांनीं ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणांत जातीच्या या जीवशास्त्रीय समर्थनाचा समाचार घेतला होता, एकाच प्रांतांतील उच्च व नीच मानलेल्या जातींत वंशभेद तो कोणता, हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. तें भाषण ज्या सभेंत व्हावयाचें ती सभाच रद्द झाली, हें प्रसिद्ध आहे.

आतां गोत्राकडे वळूं. ‘वाय’ गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातें, गोत्रही तसेंच जातें; एवढें साम्य खरें आहे. पण या साम्यावरून पुढें जी उडी मारली जाते ती पाहून थक्क व्हावें. मुलीच्या अंगीं ‘वाय’ गुणसूत्र नसतेंच! मग सगोत्र वधूवरांचीं ‘वाय’ गुणसूत्रें एकत्र येतात तीं कोठें? मनुष्याच्या सुमारें वीस हजार जनुकांपैकीं त्या गुणसूत्रावर अगदीं थोडींच आहेत, आणि ज्या रोगांसाठीं जवळच्या नात्यांतील लग्न टाळावयाचें त्यांच्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

याहून मौजेची गोष्ट पूर्वजांच्या गणितांत आहे. दहा पिढ्या मागें जा. प्रत्येकाचे पूर्वज १०२४ होतात. गोत्र त्यांतल्या एकाचा माग काढतें व १०२३ जणांना विसरतें. वीस पिढ्यांत ती संख्या दहा लाखांवर जाते, आणि तीस पिढ्यांत, म्हणजे साधारण देवगिरीच्या यादवांच्या काळापाशीं, १०७ कोटींवर. त्या काळीं सबंध जगांतही इतकीं माणसें नव्हतीं. अर्थ उघड आहे: हे पूर्वज निरनिराळे नाहींत, तीच तीच माणसें पुन्हां पुन्हां, शेंकडों वाटांनीं आपले पूर्वज झालीं आहेत. ज्या जातीचीं घरें थोडीं आणि बेटीव्यवहार आंतल्या आंत, तिच्यांत या वाटा इतक्या गुंतलेल्या असतात कीं गोत्र भिन्न असलेलीं वधूवरेंही अनेक बाजूंनीं एकमेकांचीं भावंडें लागतात. एक धागा टाळावयाचा आणि हजार धाग्यांची गांठ मारावयाची, असा हा प्रकार आहे. उलट मामाची मुलगी भिन्न गोत्राची म्हणून महाराष्ट्रांतील कित्येक जातींत खुशाल चालते; आणि तिचा व वराचा आठव्या हिश्शाइतका अनुवंश समाईक असतो. न्याय करावयाचा तर हेंही सांगितलें पाहिजे कीं स्मृतींतला सपिंडतेचा नियम, आईकडून पांच व बापाकडून सात पिढ्या टाळण्याचा, गोत्राच्या नियमाहून पुष्कळच शहाणा होता. पण त्याचें कौतुक करणारा वक्ता मला अजून भेटावयाचा आहे; कारण तो पाळला तर लहान जातींत स्थळेंच उरणार नाहींत.

लहान समूहांत यदृच्छा काय करते याचें उदाहरण प्रशांत महासागरांतल्या पिंगेलॅप नांवाच्या चिमुकल्या बेटाचें आहे. १७७५ च्या सुमारास तेथें वादळ झालें व त्यानंतरच्या उपासमारींत सुमारें वीसच माणसें वांचलीं. त्यांच्यापैकीं एकाच्या अंगीं रंग मुळींच न दिसण्याच्या दोषाचें जनुक होतें. आज जगांत हा दोष तीसचाळीस हजारांत एखाद्याला. पिंगेलॅपच्या वंशजांत मात्र शेंकडा पांचांहून अधिकांना. त्या जनुकांत गुण होता म्हणून तें वाढलें नाहीं. तें वाहणारा वांचला म्हणून वाढलें. आपल्याकडे प्रशांत महासागर नाहीं, पण बेटें आहेत. दक्षिण आशियांतील अडीचशेंहून अधिक समूहांची जी पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली, तींत ८१ समूह असे निघाले कीं थोड्या मूळपुरुषांपासून वाढल्याची खूण त्यांच्यांत फिनलंडच्या लोकांहून किंवा युरोपांतील अश्केनाझी ज्यूंहूनही ठळक आहे. आंध्र-तेलंगणांतील वैश्य समाजांत एक दोष इतरांपेक्षां कितीतरी अधिक आढळतो: शस्त्रक्रियेच्या वेळीं स्नायू सैल करण्यासाठीं जें एक औषध टोंचतात तें शरीरांत लवकर विरघळत नाहीं, आणि भूल उतरली तरी रोग्याला श्वास घेतां येत नाहीं. तेथले जाणते डॉक्टर ही गोष्ट आधीं विचारून घेतात. यांत त्या समाजाचा दोष कांहीं नाहीं, आणि कमीपणा तर मुळींच नाहीं. प्रत्येक बेटावर कांहीं ना कांहीं सांचलेलें असतें.

हें मी पुस्तकांतलें म्हणून सांगत नाहीं. माझ्या एका स्नेह्याच्या मुलाचें लग्न असेंच सर्व बाजूंनीं जुळवून झालें. जात एक, पोटजात एक, गोत्रें भिन्न, छत्तिसांपैकीं बत्तीस गुण जुळलेले. पहिलें अपत्य सहा महिन्यांचें झालें आणि पांढरें पडूं लागलें. थॅलसेमिया निघाला. आईबाप दोघेही वाहक, दोघेही निरोगी, दोघांनाही ठाऊक नव्हतें. आतां तें मूल नऊ वर्षांचें आहे. दर तीन आठवड्यांनीं त्याला रक्त द्यावें लागतें, आणि त्या रक्तांतून सांचणारें लोह काढण्यासाठीं रोज औषध. रुग्णालयांत एकदां मी सोबत बसलों होतों. बाटलीकडे पाहत मुलानें मला विचारलें, “काका, हें कोणाचें रक्त आहे?” मी म्हणालों, “ठाऊक नाहीं बाळ, कोणाचें तरी.” जातीच्या रक्ताची शुद्धि राखण्यासाठीं झालेल्या लग्नाचें तें अपत्य दर तीन आठवड्यांनीं कोणाच्या तरी रक्तावर जगत आहे. वधूवरांची जी तपासणी लग्नाआधीं कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेंत, पत्रिका करविण्याच्या खर्चांत होते, ती कोणालाच सुचली नव्हती. भारतांत दर शंभरांत तीन-चार माणसें या जनुकाचीं वाहक आहेत, आणि कांहीं समाजांत याहून बरींच अधिक. दोन वाहक एकत्र आले म्हणजे प्रत्येक अपत्यामागें चारांत एक हा धोका.

‘मग असलीं वाईट जनुकें निसर्गानें ठेवलींच कां?’ असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर शुद्धिवाद्यांना आणखीच अडचणींत टाकणारें आहे. विदर्भांत आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार फार. नीलगिरींतील आदिवासींत तो १९५२ सालीं प्रथम दाखविला गेला. या जनुकाचे दोन दाणे भेटले तर वेदनांचें आयुष्य. पण एकच दाणा असलेल्या बालकाला हिंवतापापासून संरक्षण मिळतें, हें १९५४ सालीं अॅलिसननें आफ्रिकेंत दाखवून दिलें. थॅलसेमियाबद्दल तोच तर्क हॉल्डेननें १९४९ सालींच केला होता. हा हॉल्डेन पुढें १९५७ मध्यें भारतांत येऊन राहिला व १९६४ सालीं भुवनेश्वरला वारला. म्हणजे जें जनुक डांसांच्या रानांत तारक तेंच रुग्णालयांत मारक. तें चांगलें कीं वाईट, हें जागा आणि काळ विचारल्यावांचून सांगतां येत नाहीं. आणि ज्या शास्त्राला एका जनुकावर शिक्का मारतां येत नाहीं त्याच्या तोंडीं सबंध जातीच्या ‘उत्तम रक्ता’चें प्रमाणपत्र घालणें हें धाडस आहे.

राहतां राहिली मूळ शुद्धि. ती होती तरी कधीं? २००९ सालीं व पुन्हां २०१३ सालीं भारतीय समूहांच्या जनुकांचे जे मोठे अभ्यास झाले, त्यांत हैदराबादचे संशोधकही होते. त्यांचा निष्कर्ष असा कीं आजचे जवळजवळ सर्व भारतीय समूह मिश्र आहेत. फार भिन्न अशा प्राचीन लोकांचा अंश ब्राह्मणांपासून आदिवासींपर्यंत आढळतो. प्रमाण कमीअधिक, पण सुटलेला कोणीच नाहीं. हें मिश्रण सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींच्या काळांत झालें, आणि त्यानंतर दारें बंद झालीं. दारें बंद झालीं हें खरें आहे, आणि तें मी लपवीत नाहीं. पुढें शेंकडों वर्षें बेटीव्यवहार आंतल्या आंत राहिला याची साक्ष जनुकें देतात. पण बंद झालीं तीं मिश्रण होऊन गेल्यावर. घरांत सगळे पाहुणे येऊन बसल्यावर कडी लावावयाची आणि ‘आमच्या घरांत परका कोणी आला नाहीं’ असें सांगावयाचें, यांतली ही गंमत आहे. कोंकणांतल्या बेने इस्रायल समाजानें शतकानुशतकें आपला धर्म व आपलें वेगळेपण किती निष्ठेनें जपलें! त्यांच्याही जनुकांत ज्यू पूर्वज आहेत आणि कोंकणचेही आहेत. त्यानें त्यांची निष्ठा उणी झाली काय?

येथवर वाचून माझ्या सुधारक मित्रांना आनंद झाला असेल, म्हणून त्यांच्याही आनंदांत थोडें मीठ कालवितों. ‘सर्व माणसें समान आहेत हें शास्त्रानें सिद्ध केलें’ असें जे सांगतात ते व्याख्यात्यांचीच चूक उलट्या बाजूनें करीत असतात. माणसांमाणसांतील अनुवंशाच्या भेदांपैकीं शेंकडा ८५ भेद एकाच समूहाच्या आंत असतात, हें लेवॉंटिननें १९७२ सालीं मोजलें आणि तें महत्त्वाचें आहे. पण समजा, तें माप निराळें निघालें असतें, तर शिवाशिव न्याय्य ठरली असती काय? समतेचा दावा प्रयोगशाळेच्या अहवालावर टांगून ठेवूं नये. आणि दुसरें: आंतरजातीय विवाह म्हणजे कांहीं औषधाची पुडी नव्हे. त्यानें दोन सारखे दोष भेटण्याचा संभव साधारणतः उतरतो, पण सिकलसेल आणि थॅलसेमिया यांचीं जनुकें अनेक जातींत आहेत. एकाकडे एक व दुसऱ्याकडे दुसरें असें असलें तरी मुलाला गंभीर आजार होऊं शकतो. प्रेमविवाह केला म्हणून रक्त तपासावयाचें कारण नाहीं, असें समजणारे तरुण मीं पाहिले आहेत. त्यांचा गैरसमज आधुनिक आहे, एवढाच फरक.

मेळाव्याच्या नोंदणीच्या कागदावर जात, पोटजात, गोत्र, रास, नक्षत्र, नाड, चष्मा आणि रक्तगट एवढे रकाने होते. रक्तगट कशाला, असें विचारलें तर एका गृहस्थांनीं सांगितलें कीं एकनाड म्हणजेच एक रक्तगट. मीं मंडळास पत्र लिहून विनंती केली कीं थॅलसेमिया आणि सिकलसेल यांची तपासणी करून घेण्याची सूचना त्या कागदावर छापावी. उत्तर नम्र आलें. त्यांत लिहिलें होतें कीं असा रकाना घातला तर मुलींचीं लग्नें अडतील. हा आक्षेप मी हंसण्यावारी नेत नाहीं. आपल्याकडे वाहक मुलगा निघाला तर तो वाहक, आणि मुलगी निघाली तर ती सदोष, असाच न्याय होईल हें मलाही ठाऊक आहे. म्हणून मीं पुन्हां कळविलें कीं रकाना नको, निकाल छापूं नये, कोणाला दाखवूं नये. ज्याचा त्यानें जवळ ठेवावा, आणि दोघांचें मन जुळलें म्हणजे त्या दोघांनीं मिळून पाहावा. वाहकानें लग्न करूं नये असें नाहीं; दोन वाहकांनीं मूल होण्याआधीं डॉक्टरांकडे जावें, एवढेंच. या दुसऱ्या पत्राला उत्तर आलेलें नाहीं.

भाचीनें आपली तपासणी स्वतः जाऊन करून घेतली. निकाल काय आला तें तिनें मला सांगितलें नाहीं आणि मींही विचारलें नाहीं. पुढच्या मेळाव्याचें निमंत्रण कालच आलें. व्याख्याते तेच आहेत.